तुमचे प्रश्न : हिमवादळाचा इशारा आलाय, आता?

मागच्या अंकात नुनावुतमधल्या, म्हणजे कॅनडाच्या उत्तरेकडच्या प्रदेशातल्या, माझ्या नर्सिंगच्या नोकरीबद्दल लिहिलं होतं. वाटलं होतं, पगार किती, व्हिसा कसा मिळतो, असली पत्रं येतील. आली ती बहुतेक वाऱ्याबद्दल. त्यातली चार घेते. पहिल्या पत्राला जरा जास्त जागा जाणार आहे, संपादकांनी रागावू नये.

प्रश्न : ताई, माझी मुलगी ऑगस्टपासून नुनावुतमधल्या बेकर लेक गावच्या शाळेत शिकवते. मी माझ्या फोनवर तिथलं हवामान लावून ठेवलंय. परवा त्यावर हिमवादळाचा इशारा झळकला. ताशी ८० किलोमीटरचे झोत, दृश्यमानता जवळजवळ शून्य, तापमान उणे ३० आणि ‘जाणवणारं’ उणे ५०. घाबरून फोन केला तर म्हणते, “आई, उद्या शाळा बंद, मी मस्त झोपणारे.” तिला गांभीर्य कळत नाही, की मीच उगाच धसका घेतलाय? परत बोलावून घेऊ का तिला? – एक आई

उत्तर : तुमची लेक झोपणार असेल तर शहाणी आहे. बेकर लेकला हिवाळाभर असे इशारे येत राहतात. कॅनडात हिमवादळांचा सगळ्यात जास्त मारा ज्या भागांवर होतो, त्यातलाच तो एक. त्यामुळे दर वेळी तुमचं काळीज असं लक्कन हलायला लागलं तर तुमचंच दुखणं वाढेल. काळजी करू नका असं मी म्हणणार नाही. योग्य गोष्टीची करा, एवढंच.

इशारा कशाचा असतो ते आधी बघा. वृक्षरेषेच्या उत्तरेकडे, म्हणजे झाडं वाढायची थांबतात त्याच्या पलीकडे, कॅनडाचं हवामान खातं हा इशारा तीन गोष्टी एकत्र येणार असतील तेव्हा देतं : वारा ताशी ४० किलोमीटर किंवा त्याहून जास्त, उडत्या बर्फामुळे ४०० मीटरच्या पलीकडचं दिसेनासं होणं, आणि ही परिस्थिती किमान ६ तास टिकणं. यात थंडीचं नाव नाही. किती बर्फ पडणार, तेही नाही. थंडी तिथे पाचवीला पुजलेली, जानेवारीची सरासरीच उणे ३१ च्या आसपास. वारा नसेल तर उणे ३० मध्ये पोरं बाहेर घसरगुंड्या खेळत असतात. इशारा आहे तो न दिसण्याचा.

तुम्ही ज्याला घाबरलात तो उणे ५० चा आकडा उघड्या कातडीपुरता आहे. हवा उणे ३० आणि वारा ताशी ६० किलोमीटर असला की हिशेब साधारण उणे ५० वर येतो, आणि तेवढ्या थंडीत उघडं नाक किंवा गाल दोन ते पाच मिनिटांत गोठू शकतात. घराच्या आत बसलेल्या माणसाच्या दृष्टीने त्या आकड्याला काडीचीही किंमत नाही.

माझ्याकडे अशाच एका वादळात एकाचा फोन आला होता. तिथलाच जन्म, तिथेच वाढलेला, शिकारीला जाणारा गडी. मागच्या शेडचं दार वाऱ्यावर आपटत होतं म्हणून अंगावर पार्का चढवून, तोंड न झाकता, तेवढं लावायला गेला. दार लावून वळला तर घर गायब. घर होतं पाच-सात पावलांवर! पण तो चालला नाही. शेडच्या भिंतीवर हात ठेवून तसाच उभा राहिला. झोत जरा ओसरला, ओसरीतला दिवा क्षणभर दिसला, आणि मग सरळ दिव्याकडे. मला फोन केला तो गालाबद्दल विचारायला. डावा गाल पांढराफटक पडलेला, बोट लावलं तर मेणासारखा घट्ट. आधी सांगितलं, चोळायचं नाही. बर्फ तर मुळीच चोळायचा नाही, ती जुनी समजूत लोकांची कातडी सोलून काढते. ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात फडकं भिजवून ते गालावर ठेवत राहायचं, पाणी निवलं की बदलायचं. आणि एकदा गरम केल्यावर पुन्हा गोठू द्यायचं नाही, म्हणजे आता बाहेर पाऊल टाकायचं नाही. दवाखाना दोन गल्ल्यांवर होता, तरी त्याला बोलावलं नाही. वारा पडल्यावर आला तेव्हा गालावर फोड होते, बाकी सगळं ठीक. हा माणूस वाचला तो हलला नाही म्हणून. नवखा असता तर “घर इथेच तर आहे” म्हणत निघाला असता.

तेव्हा लेकीची काळजी करायची तर या ‘इथेच तर आहे’ची करा. बाहेरून आलेले शिक्षक, नर्सेस, बँकेतले लोक बेफिकीर नसतात, उलट फार कर्तव्यदक्ष असतात. शाळेत वह्या राहिल्यात, ड्यूटी आहे, कोणीतरी वाट बघत असेल. गावच बंद झालंय हे त्यांच्या गळी उतरायला एक हिवाळा जातो. पाण्याचा टँकर थांबला, विमानतळ थांबला, शाळा बंद असल्याचं सकाळीच गावच्या रेडिओवर सांगून झालं, की कोणी कोणाची वाट बघत नसतं. माझ्या मते हवामान खात्याच्या इशाऱ्यापेक्षा टँकर थांबला ही बातमी जास्त खरी. खातं काही तास आधी अंदाज बांधतं, टँकरवाला काचेतून बाहेर बघत असतो.

टँकरवरून आठवलं. तिथे घराला पाणी मिळतं ते घरातल्याच टाकीतून. टँकर येऊन ती भरतो. सांडपाण्याची दुसरी टाकी, ती उपसायला दुसरा ट्रक. जमीन कायमची गोठलेली, त्यामुळे पाइप पुरायची सोय नाही, घरंसुद्धा खांबांवर उभी. वादळात दोन्ही ट्रक बंद. आणि यात एक मेख आहे : सांडपाण्याची टाकी काठोकाठ भरली की पाण्याचा पंप आपोआप बंद पडतो, अशी योजना बऱ्याच घरांत असते. म्हणजे पाणी भरपूर, पण नळ कोरडा. मुलीला सांगा, इशारा आला की धुणं काढायचं नाही, लांबलचक अंघोळ नाही, आणि दोन-चार पातेली पिण्याचं पाणी भरून ओट्यावर ठेवायचं.

दुसरं, फर्नेस. घर तापवणारं यंत्र तेलावर चालतं आणि त्याचा धूर बाहेर सोडणारी नळी भिंतीतून नाहीतर छतातून निघते. वाऱ्याने साठलेल्या बर्फाने ती बुजली तर धूर घरातच कोंडतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. त्याचा अलार्म घरात आहे ना आणि त्यात बॅटरी आहे ना, हे तिला आजच बघायला सांगा. तो वाजला तर फर्नेस बंद, खिडकी उघडी, आणि लगेच फोन. थंडीला भिऊन खिडकी मिटून घ्यायची नाही.

विजेचं असं, की प्रत्येक गावाचं स्वतःचं डिझेलवरचं वीजघर असतं. एका गावातून दुसऱ्या गावात तारा गेलेल्या नाहीत. तिथे काही बिघडलं किंवा गावातली तार तुटली, तर शेजारच्या गावातून वीज घेता येत नाही. आणि फर्नेसच्या पंख्याला वीज लागते! अशा वेळी सगळ्यांनी एका खोलीत बसायचं, दार लावून फटीत टॉवेल कोंबायचा. कॅम्पिंगचा स्टोव्ह बंद खोलीत पेटवून ठेवायचा नाही, कारण वर सांगितलंच. फावडं ओसरीत, म्हणजे घराच्या आत, ठेवायचं. बाहेर ठेवलं तर वादळानंतर आधी फावडंच उकरून काढावं लागतं.

पहिल्या वादळात तिला आवाजाची भीती वाटेल, ते स्वाभाविक आहे. खांबांवरचं घर हलतं. मोठा झोत आला की कमोडमधलं पाणी हिंदकळतं. दाराच्या किल्लीच्या भोकातून इतका बारीक बर्फ आत येतो, की सकाळी उंबऱ्याच्या आत त्याची टोकदार ढिगुळी झालेली असते. हे सगळं चालायचंच.

परत बोलावण्याबद्दल. वादळात विमान उतरत नाही, आणि दुसरी वाट नाही. नुनावुतमध्ये २५ गावं आहेत, एकाही गावातून दुसऱ्या गावाला रस्ता जात नाही. बेकर लेकहून ११० किलोमीटरचा एक रस्ता निघतो, तो सोन्याच्या खाणीवर जाऊन संपतो. त्यामुळे ‘वादळ आलं की ये’ याला अर्थ नाही. तिला नोकरी आवडत नसेल तर तो वेगळा विषय, त्याचं दुसरं पत्र लिहा. ती रोजच्या गोळ्या घेत असेल तर पंधरवड्याच्या जास्तीच्या मागवून ठेवायला सांगा, कारण औषधंही विमानानेच येतात.

आणि फोन. तिथलं इंटरनेट उपग्रहावरून येतं, वादळात ते जातं-येतं. दर तासाला मिस्ड कॉल देऊन तिची बॅटरी उतरवू नका. दिवसातली एक वेळ ठरवा. हिवाळ्यात ती तुमच्या साडेअकरा तास मागे असते, म्हणजे तुमचा सकाळचा चहा तो तिचा आदल्या दिवशीचा संध्याकाळचा. ठरलेल्या वेळी फोन लागला नाही तर पुढच्या ठरलेल्या वेळेपर्यंत थांबायचं, हा करार दोघींनी पाळायचा. वादळ सरलं की तिला गावातली भिंतीवर लावायची भरतकामं बघून यायला सांगा. जेसी ऊनार्क (१९०६–१९८५) त्याच गावात राहायची. लोकरी कापडावर माणसं, पक्षी, हातातल्या अर्धगोल सुऱ्या, असं काही बसवलंय तिने की माझी नजर हलत नसे.

प्रश्न : भूगोलात आम्हाला ध्रुवीय प्रदेश म्हणजे ‘थंड वाळवंट’ असं शिकवलंय. तिथे पडतंच कमी, तर हिमवादळाला बर्फ येतो कुठून? शिवाय बेकर लेक ६४ अंशांवर आहे, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्या खाली. मग ते आर्क्टिक कसं? – अकरावीतला विद्यार्थी

उत्तर : दोन्ही प्रश्न झकास आहेत रे. दुसरा आधी संपवते. आर्क्टिक वृत्त ही सूर्याची रेषा आहे. तिच्या वर वर्षातून निदान एक दिवस सूर्य उगवत नाही. बेकर लेकला डिसेंबरातही तो थोडा वेळ उगवतो. पण जमीन, झाडं, वारा, प्राणी यांच्या दृष्टीने वृक्षरेषा महत्त्वाची, आणि हडसन उपसागराच्या पश्चिमेला ती बरीच खाली उतरते. बेकर लेक तिच्या उत्तरेला आहे. झाड नाही म्हणजे वाऱ्याला आडकाठी नाही.

आता बर्फ. बेकर लेकला वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून पावणेतीनशे मिलिमीटरच्या आसपास पडतं, म्हणजे वाळवंट म्हटलं ते चूक नाही. पण ऑक्टोबरात पडलेला बर्फ वसंतापर्यंत वितळत नाही. तो तिथेच असतो, आणि वारा तोच तो पुन्हा उचलतो. सुटा, कोरडा बर्फ ताशी पंचवीस-तीस किलोमीटरच्या वाऱ्याला हलायला लागतो. आधी जमिनीलगत घरंगळतो, मग कण उड्या मारायला लागतात. पडताना प्रत्येक कण खालचे आणखी काही उडवतो. वारा वाढला की सगळ्यात बारीक कण खाली यायचेच थांबतात आणि माणसाच्या डोक्याच्याही वर तरंगत धावतात. म्हणून आकाशातून एक कण पडत नसतानाही कडक हिमवादळ होऊ शकतं. अशा वेळी मान वर केली तर निळं आकाश दिसतं, आणि समोर हात धरला तर पंजा दिसत नाही. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसूच आलं होतं.

वारा कुठून, तर पूर्वेकडे बॅफिन बेटाच्या बाजूला कमी दाबाचं क्षेत्र खोल होत जातं, पश्चिमेकडून त्याच्या पाठीवर जास्त दाबाची गोठलेली हवा येते, आणि या दोघांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात वायव्येचा वारा सुटतो. खाली सपाट टुंड्रा आणि गोठलेली तळी. दाबांतला फरक कमी होईपर्यंत तो थांबत नाही, म्हणून ही वादळं दोन-दोन, तीन-तीन दिवस चालू शकतात.

प्रश्न : मी ट्रेकर आहे. गावाबाहेर, स्नोमोबाइलवर असताना असं वादळ गाठलं तर तिथले लोक काय करतात? आणि जीपीएस नव्हतं तेव्हा काय करत?

उत्तर : थांबतात. तुझ्यासारख्या ट्रेकरला हे उत्तर मिळमिळीत वाटेल, पण तिथले जुनेजाणते शिकारी वादळ अंगावर यायच्या आधीच थांबतात, दिसत असतानाच. गाडी सोडून पायी निघायचं नाही हा पहिला नियम. शोधायला निघालेल्यांना गाडी सापडते, माणूस सापडत नाही. घसरगाडी, म्हणजे कामुटिक, वाऱ्याच्या बाजूला आडवी करून तिच्या आडोशाला तंबू, किंवा बर्फाचं घर. घाम येऊ द्यायचा नाही, कारण ओले कपडे पुढच्या तासाला जिवावर उठतात. चहा करायचा, खायचं, झोपायचं. वादळ तीन दिवस चाललं तर तीन दिवस.

बर्फाच्या घराला कुठलाही बर्फ चालत नाही. वाऱ्याने कणांचे कोपरे झिजतात, ते एकमेकांना चिकटून बसतात आणि घट्ट थर तयार होतो. एकाच वादळात जमलेला, एकसारखा थर हवा, म्हणजे लांब सुरीने कापलेली चौकट मधेच दुभंगत नाही. ज्या वादळाने कोंडून घातलं, त्याच्या आधीच्या वादळाने घराच्या भिंती तयार करून ठेवलेल्या असतात. किनाऱ्यावरच्या लोकांकडे आत जाळायला सीलच्या चरबीचा दगडी दिवा असे. बेकर लेकच्या बाजूचे लोक कॅरिबूवर, म्हणजे तिथल्या रानटी रेनडिअरवर, जगणारे, त्यांच्याकडे सीलची चरबी कुठली? त्यांची बर्फघरं बहुतेक अंधारी आणि थंडच असत. भरवसा होता तो कॅरिबूच्या कातडीच्या कपड्यांवर. त्या केसांच्या आत हवा कोंडलेली असते, आणि कपडे दोन थरांचे : आतल्याचे केस अंगाकडे, बाहेरच्याचे बाहेर.

वाटेचं म्हणशील तर पायाखाली नकाशा असतो. वायव्येच्या वाऱ्याने बर्फाच्या जिभेसारख्या टोकदार, कडक लाटा तयार होतात. त्यांना उकालुराइत म्हणतात. वारा बदलला, नवा बर्फ पडला, तरी त्या कडक लाटा तशाच राहतात. पुढचं काही दिसत नसलं तरी त्या लाटा ठरावीक कोनात ओलांडत राहायचं. अंधारात पायाने चाचपूनसुद्धा कोन कळतो. आता सगळ्यांकडे जीपीएस आहे, आणि उपग्रहावरून मदत मागायची छोटी यंत्रं शिकाऱ्यांना उसनी मिळतात. ती जरूर न्यावीत, त्यांनी लोकांचे जीव वाचवलेत. पण जीपीएस सरळ रेघ दाखवतं. मधला कडा, पातळ बर्फ त्याला ठाऊक नसतो, आणि उणे ३० ला बॅटरी मान टाकते. मला विचारशील तर दोन्ही असलेल्या माणसाच्या मागे बसावं, नुसतं यंत्र असलेल्याच्या नाही. वादळ चालू असताना शोधपथकही बाहेर पडू शकत नाही, म्हणून मदतीचं बटण दाबलं म्हणजे मदत आली असं समजू नकोस.

प्रश्न : अलास्कातल्या भाच्याने सांगितलं, तिथे हिमवादळाच्या इशाऱ्याला ३ तास पुरतात. तुम्ही कॅनडात ६ म्हणता. बर्फ वेगळा आहे का?

उत्तर : बर्फ तोच, खाती वेगळी. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेची व्याख्या ताशी ३५ मैल, म्हणजे ५६ किलोमीटर वाऱ्याची, पाव मैलापेक्षा कमी दृश्यमानतेची आणि ३ तासांची. पाव मैल म्हणजे ४०० मीटरच झाले. कॅनडा वारा कमी धरतो, वेळ जास्त. कॅनडातच दक्षिणेकडे ४ तास पुरतात, वृक्षरेषेच्या उत्तरेला ६ लागतात, कारण तिथे तीन-चार तास बर्फ उडणं ही बातमीच नाही. भाचा अलास्कातल्या उत्कियाग्विक गावात असेल तर त्याने त्याच्या खात्याचं ऐकावं, आणि ३ तासांचा इशारा आला म्हणून चौथ्या तासाला बूट चढवू नयेत.